एकच घाव

"कोयता नीट बांध," तेंडोलकर सर म्हणाले. "आणि वर गेल्यावर घाई करू नकोस, पोवार. आपल्याकडे एकच घाव आहे."

मी कमरेची गाठ पुन्हा आवळली आणि वर पाहिलं. बेहड्याचं ते झाड इतकं उंच होतं की शेंडा शोधायला मान मागे टाकली आणि डोक्याला बांधलेला रुमाल खाली पडला. बुंध्याला बिलगून एक वेल वर गेला होता. त्याला वेल म्हणायला जीभ धजत नव्हती. बुडाशी तो माझ्या मांडीएवढा जाड होता, साल खरबरीत आणि ओली. तीस फुटांवर तो पानांच्या दाटीत शिरून नाहीसा झाला होता. त्याच दाटीतून काळ्याभोर फळांचे घोस लोंबत होते. द्राक्षांचे घोस असावेत तसेच, पण मणी करवंदाएवढे.

सोमा गावकराने आधी वर जाऊन काथ्याचा दोर एका जाड फांदीवरून खाली सोडला होता. पन्नाशीचा तो माणूस माझ्याकडे आणि सरांकडे आळीपाळीने बघत होता.

"सर, बाय कशाक वयर चढता? माका सांगा, मी हाडतंय. माझो बापूस ह्याच झाडार चढललो."

"तुझ्या वडिलांनीच आणून दिलं होतं, सोमा," सर म्हणाले. "या वेळी मात्र ज्याला वेल वाचता येतो त्यानेच वर जायला हवं. माझे गुडघे ऐकत असते तर मी हिलाही पाठवलं नसतं."

ही गोष्ट एकोणीसशे चौऱ्याहत्तरची, भाद्रपदातली. मी बावीस वर्षांची होते, कोल्हापूरला वनस्पतिशास्त्र शिकत होते. सर निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती, तरी ते रोज अकरा वाजता कॉलेजच्या वनस्पती-संग्रहात येत. तिथल्या लोखंडी कपाटांत वाळवून कागदावर शिवलेली नऊ हजार झाडं होती. त्यांतली निम्मी सरांनी आणलेली. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, उजव्याचं ऑपरेशन झालेलं. बाटलीच्या बुडासारख्या चष्म्यातून ते कागद नाकाशी धरून बघायचे आणि न दिसलेलं बोटांनी चाचपायचे.

सरांचं आयुष्य एका कुळाच्या नादात गेलं होतं: द्राक्षाच्या कुळातले रानटी वेल. जगभरातून त्यांच्याकडे कागद येत, ते इथून तिकडे पाठवत. एवढ्या वर्षांत त्यांनी स्वतः शोधून नाव दिलेला नवा वेल मात्र एकच होता, कोकणातल्या आंबेखोलच्या सातेरी देवीच्या राईतला. एकोणीसशे अडतीस सालचा. तो कागद मी अनेकदा पाहिला होता. पाच टोकांचं रुंद पान, पाठीवर तांबूस लोकर, पानाच्या बरोबर समोरून निघालेला, आधार धरणारा दोऱ्यासारखा तणावा. कागदाच्या कोपऱ्यात शिवलेल्या छोट्या पुडीत वाळलेली काळी फळं. असं पान आणि असं फळ एकत्र असलेला वेल जगात दुसरीकडे कुठे सापडला नव्हता. झाडावर चढून तो काढून देणाऱ्या भिवा गावकराचं, म्हणजे सोमाच्या वडिलांचं, नाव सरांनी त्या वेलाला दिलं होतं, लॅटिन वळणाचं करून.

त्या उन्हाळ्यात परदेशातून एक पत्र आलं. तिकडचे एक विद्वान गृहस्थ जगातल्या सगळ्या रानद्राक्षांवर मोठा ग्रंथ लिहीत होते. त्यांनी फार अदबीने लिहिलं होतं: तुमच्या वेलाचा एकच नमुना उपलब्ध आहे. पानावरून तो एका गोत्रातला वाटतो, फळावरून दुसऱ्या. पान आणि फळ एकाच फांदीला जोडलेलं असलेला दुसरा नमुना वर्षअखेरपर्यंत मिळाला तर आनंद होईल. नाहीतर नाइलाजाने मला हे नाव शंकास्पद नावांच्या यादीत टाकावं लागेल.

सरांनी ते पत्र मला तीनदा वाचायला लावलं. मग घडी घालून खिशात ठेवत म्हणाले, "गौरी-गणपती झाले की फळं धरतात. पोवार, तुला झाडावर चढता येतं ना?"

मी कागलजवळच्या मळ्यात वाढलेली. आंब्याच्या झाडांवरच माझं लहानपण गेलं होतं.

आंबेखोलला आम्ही शाळेच्या एका खोलीत उतरलो. राईतलं काही तोडायचं तर आधी सातेरीला विचारावं लागतं, तसा कौल लावला गेला. गुरवाने देवीच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या, आमचं मागणं तिच्या कानावर घातलं आणि आम्ही सगळे श्वास धरून बसलो. बराच वेळ काही झालं नाही. मग उजव्या खांद्यावरची पाकळी सुटून पडली. "उजवो दिल्यान," गुरव म्हणाला; म्हणजे देवीचा होकार. "पण एकच घाव. दुसरो घालूचो नाय." अडतीस सालीही असाच एका घावाचा कौल झाला होता, हे सरांना पक्कं आठवत होतं.

त्या संध्याकाळी शाळेच्या ओसरीवर गावातली पोरं जमली. शहरातून आलेली, फोटो नाही, पिक्चर नाही, नुसती पानं बघणारी माणसं म्हणजे त्यांना मोठीच गंमत होती. सरांनी कुंपणावरची हाडसांधी तोडून आणायला सांगितली आणि तिचं चौकोनी कांडं पोरांच्या हातात दिलं.

"ही कोणाची नातेवाईक आहे सांगा पाहू."

पोरांनी निवडुंग म्हटलं, शेर म्हटलं. चंद्री नावाची एक आठेक वर्षांची मुलगी कांडं उलटंसुलटं करत राहिली.

"पान शोध," सर तिला म्हणाले. "मिळालं? आता पानाच्या समोर बघ. त्याच पेरावर, अगदी समोर. काय आहे?"

"दोरो," चंद्री म्हणाली.

"त्याला तणावा म्हणायचं. पानासमोर तणावा दिसला की समजायचं, हा द्राक्षाच्या घरचा. घर फार मोठं आहे बरं का. आफ्रिकेच्या वाळवंटात याचा एक भाऊ आहे, तो वेल व्हायचंच विसरला. रांजणासारखा गलेलठ्ठ होऊन उन्हात बसून असतो आणि पाणी पोटात साठवतो. अमेरिकेतला एक भाऊ भिंतीवर चढतो. त्याच्या तणाव्यांच्या टोकांना पालीच्या बोटांसारख्या चकत्या असतात. आणि सुमात्रा नावाच्या बेटावर एक भाऊ आहे, त्याच्या मुळातून एके दिवशी एक फूल फुटतं. त्या फुलाला स्वतःचं पान नाही, खोड नाही, काही नाही. वेलाच्या आत राहतं, वेलाचंच खातं, आणि बाहेर येतं तेव्हा बैलगाडीच्या चाकाएवढं."

ओसरीवर कोणी हललं नाही. मीही नाही. हे सगळं मी पुस्तकात वाचलं होतं, पण त्या ओसरीवर मला ते पहिल्यांदा खरं वाटलं.

चंद्रीने विचारलं, "सर, त्येका डोळे नाय मगे काठी खंय आसा ता कसा समाजता?"

सर हसले. खिशातून दोरा काढून तो त्यांनी तिच्या बोटासमोर हवेत गोल गोल फिरवला, अगदी सावकाश, बोटाला लागेपर्यंत. लागल्यावर दोन वेढे दिले. "असा फिरत राहतो. दिवसभर. हाताला काही लागेपर्यंत. लागलं की धरतो. आणि एकदा धरलं की सोडत नाही."

हे सगळं दुसऱ्या दिवशी झाडाखाली उभी असताना माझ्या डोक्यात होतं. राईत चपला घालून जात नाहीत, त्यामुळे सगळेच अनवाणी होतो. पोरं शाळा बुडवून आली होती. मी दोर छातीभोवती घेतला, सोमाने दुसरं टोक आपल्या कमरेला बांधलं आणि मी चढायला लागले.

दहा फुटांवर खालचं बोलणं अस्पष्ट झालं. वीस फुटांवर हवा बदलली. खाली कुंद होतं, वर वारा होता आणि प्रत्येक झुळकेसरशी पानं उलटी होऊन त्यांची तांबूस लोकर दिसे, पुन्हा नाहीशी होई. आख्ख्या झाडावरून कोणी हात फिरवत असल्यासारखं. मी पानांच्या दाटीत डोकं घातलं. आत हिरवा अंधार होता आणि त्यात ते घोस, पंधरा-वीस तरी, ओले आणि चमकणारे. माझ्या डोक्यावर एक धनेश फळं टिपत होता. त्याने मला बघितलं, एक मणी चोचीच्या टोकावर धरला, हवेत उडवला, झेलला आणि पंखांचा मोठा आवाज करत निघून गेला.

हसू येत होतं मला. सरांना काय सांगू आणि कसं सांगू असं झालं होतं. एक घोस हातात घेतला. आता त्याचं पान. देठावरून बोट मागे नेत नेत मी पेराशी आले.

पेरावर पान होतं. पण ते पातळ होतं, मऊ होतं, त्याला लोकर नव्हती.

मी दुसरा घोस घेतला. तिसरा घेतला. प्रत्येक वेळी बोट एका बारीक, हिरव्या, करंगळीएवढ्या दांड्यावर येऊन थांबत होतं. हा दांडा जाड वेलाभोवती फिरत वर गेला होता. जागोजाग त्याच्या तणाव्यांनी जाड वेलाचे देठ धरले होते, गच्च. दोघांची पानं एकमेकांत इतकी मिसळली होती की सोडवल्याशिवाय कोणाचं कुठलं ते कळत नव्हतं. मी वाकून खाली पाहिलं. तो बारीक दांडा बुंध्यावरून जमिनीपर्यंत उतरलाच नव्हता. दहा-बारा फूट खाली गेल्यावर तो शेजारच्या उंच झुडपावर गेला होता, तिथून एका खडकाकडे. खालून येणाऱ्याला बुंध्यापाशी एकच वेल दिसणार होता.

दोन होते. दोन्ही मला ओळखीचे. लोकरीच्या पानाचा तो पाणवेल, कापला की घोटभर पाणी देणारा. घोसांचं ते रानद्राक्ष. सह्याद्रीत दोन्ही हवे तितके सापडतात.

मी तिथे किती वेळ बसले कोणास ठाऊक. माझ्या गुडघ्याजवळच एक जागा होती. तिथे दोघे दोरीच्या पिळासारखे एकमेकांत गुंतले होते. त्या जागी कोयत्याचा एक घाव घातला असता तर लोकरीची पानं आणि काळे घोस एकाच जुडीत खाली आले असते. एकच घाव, कौलाप्रमाणे. सरांच्या डोळ्यांना त्यातला फरक दिसला नसता. वाळवण माझ्या हातात, शिवण माझ्या हातात. परदेशात आनंदाचं पत्र गेलं असतं. खोटं काहीच बोलावं लागलं नसतं मला. नुसता घाव घालायचा होता.

मी कोयता कमरेतून काढला. तो हातात धरून बसले.

खालून सरांची हाक आली. "पोवार, सापडलं का?"

मी तणाव्याकडे बघत होते. केसासारखा बारीक, स्प्रिंगसारखा वळलेला, लोकरीच्या देठाला तीन वेढे घातलेला. त्याच्या टोकाला पावसाचा एक थेंब होता. घाव घातला तर हा सगळ्यात आधी तुटणार होता.

मी कोयता परत बांधला आणि खाली उतरले.

सर दोराजवळ उभे होते, दोन्ही हात पुढे करून, जुडी घ्यायला. मी काही दिलं नाही, तेव्हा हात तसेच राहिले.

"कापलं नाहीस?"

"नाही, सर."

"का? फळं नाहीत?"

"फळं आहेत. सर, वर दोन वेल आहेत."

सरांनी हात खाली घेतले, चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला.

"पुन्हा सांग."

मी सांगितलं. पान कोणाचं, फळ कोणाचं, बारीक वेल कुठून येतो, कुठे गुंततो. सांगताना मी त्यांच्याकडे बघत नव्हते, पायाखालच्या पाचोळ्याकडे बघत होते. माझं संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "त्या जागी घाव घातला असतास तर?"

"दोन्ही एकदमच खाली आले असते."

"हो," सर म्हणाले. "तसेच आले होते."

ते झाडाच्या मुळीवर बसले. मला वाटलं आता ते घरी चला म्हणतील. सोमाला नीटसं कळलं नव्हतं, पण काहीतरी बिनसलं एवढं कळलं होतं. त्याने पोरांना मागे सरायला लावलं. एका माणसाच्या आयुष्यातला एकुलता एक शोध मी तीन वाक्यांत संपवला होता, आणि आजूबाजूला राई जशीच्या तशी ठिबकत होती.

मग सरांनी मान वर केली.

"तो बारीक वेल जाड्याला कशाने धरतो?"

"तणाव्याने."

"ते मलाही माहीत आहे. कुठे धरतो? सालीवर तर पकड बसणार नाही. पानाच्या देठाला? की जाड्याच्या तणाव्यालाच?"

"देठाला. एका ठिकाणी तणाव्यालाही असावा. नीट बघितलं नाही, सर."

"मग एवढा वेळ वर बसून बघितलंस काय?" आवाजाला वर्गातली जुनी धार आली होती. मग ते सोमाकडे वळले. "सोमा, हा दोर माझं वजन घेईल?"

सोमा आधी हसला, मग त्याच्या लक्षात आलं की ही थट्टा नाही. मी नको म्हटलं, गुरवाने नको म्हटलं. सरांनी कोणाचं ऐकलं नाही. शेवटी सोमाने शाळेतला एक बाक मोडीत निघाला होता त्याची फळी आणवली, तिला दोन बाजूंनी काथ्याचे दोर ओवले, सरांना तिच्यावर बसवून छातीशी आणखी एक वेढा घेतला. सहा गडी दोर ओढायला उभे राहिले. त्यांच्यामागे दोराचं शेपूट धरून सगळी पोरं, कोणी सांगितलं नसताना.

मी आधी वर गेले. सर हळूहळू वर येत होते, वितीवितीने, हात फळीला घट्ट, अनवाणी पाय हवेत. त्यांची छाती माझ्या गुडघ्यापाशी आली तेव्हा मी त्यांचा हात धरला आणि त्या गुंत्यावर ठेवला.

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे दिला आणि डोळे मिटले.

आधी त्यांना जाड वेल सापडला. त्यावरून बोट सरकत बारीक वेलाला लागलं आणि थांबलं. मग ते बोट त्याच्यावरून निघालं. वेढ्यामागून वेढा. पेर आलं की पान चाचपायचं, मग पानाच्या समोर जायचं, तणावा सापडला की त्याच्या टोकापर्यंत. टोक कुठे बांधलेलं आहे ते बघायचं, परत यायचं, पुढचं पेर. अशी अकरा पेरं. खाली सहा माणसं आणि वीसेक पोरं दोर धरून उभी होती. वारा आला की पानांची लोकरी पाठ सरांच्या गालाला लागत होती.

अकराव्या पेरापाशी त्यांनी मला जवळ बोलावलं. "इथे बोट ठेव. जपून. काय लागतं?"

बारीक वेलाच्या तणाव्याने जाड वेलाचा तणावा धरला होता. आणि त्या जाड वेलाच्या तणाव्याने उलटून बारीक वेलाचा देठ धरला होता. दोघांनी एकमेकांना.

"लागलं?"

"हो, सर."

"हा बारीक दर वर्षी मरतो, पोवार. मार्गशीर्षात याचा मागमूस राहत नाही. खाली खडकाजवळ नुसता कंद उरतो. आणि दर पावसात तो पुन्हा निघतो, झुडपावर येतो, तिथून इथे. डोळे नाहीत. तरी तीस फूट वर याच्यापर्यंत येतो. मी पाहायला आलो त्या वर्षापासून छत्तीस वेळा आला असेल. मी त्याला एकदाही मोजलं नाही."

त्यांचा चेहरा मी अगदी जवळून बघत होते. तिथे दुःख असेल असं मला वाटलं होतं. तो चेहरा मी आदल्या संध्याकाळी ओसरीवर पाहिला होता, चंद्रीचा.

"चष्मा दे," ते म्हणाले. "आणि कोयता काढू नकोस. दिलेला घाव घातलाच पाहिजे असं काही नाही."

खाली आल्यावर त्यांनी पोरांना एकेक करून काय काय लागलं ते सांगितलं. पोरं जायला तयार नव्हती, प्रत्येकाला फळीवर बसायचं होतं. गुरवाने त्यांना पिटाळलं.

खरी कठीण गोष्ट अजून राहिली होती, हे मला सोमाच्या घरी गेल्यावर कळलं. माजघरात देवांच्या शेजारी एक चौकट लटकत होती. तिच्यात अडतीस सालच्या एका मासिकाचं पिवळं पडलेलं पान होतं, सरांनीच तेव्हा पाठवलेलं. वर वेलाचं रेखाचित्र, खाली इंग्रजी मजकूर. सोमाला त्या इंग्रजीतलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. पण एका जागी काच बोटांनी पुसून पुसून धुरकट झाली होती. तिथे त्याच्या बापाचं नाव होतं.

चहा आला. सरांनी कप हातात घेतला नाही.

"सोमा, तुला एक सांगायचं आहे. माझी चूक झाली होती. हा वेल नवा नव्हता. दोन जुने वेल एकत्र होते, ते मला एक वाटले. आता ते नाव पुसलं जाणार. तुझ्या वडिलांचं नाव पुस्तकातून जाणार. मी दिलेलं, मीच काढतोय."

सोमाने चौकटीकडे पाहिलं. मग जमिनीकडे. मग त्याच्या मिशीत काहीतरी हललं.

"सर, बापूस माका ही गजाल सांगी. देवीन एकच घाव दिललो. तो म्हणालो, सायब कोल्हापुरासून चलत इलोहा, एका घावात त्येका जास्तीत जास्त कसा गावात? म्हणान जंय दोन येल गुंतलले, थंयच कोयतो मारल्यान." तो सरांकडे बघून हसला. "माझ्या बापाशीन तुमका दोन दिल्यान, सर. तुमी एक मोजलास."

मी सरांकडे बघायला घाबरले. मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि मला कळलं की ते हसताहेत. चहा सांडला, धोतरावर डाग पडला, तरी हसत होते. चष्म्यामागून पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही.

कोल्हापूरला परतल्यावर त्यांनी तो जुना कागद कपाटातून काढायला सांगितला. आमच्या कामात एक नियम आहे. कागदावरची जुनी चिठ्ठी चुकीची ठरली तरी फाडायची नाही, खोडायची नाही. शेजारी नवी डकवायची. जुन्या चिठ्ठीवर सरांचं तरुणपणीचं घोटीव अक्षर होतं: नवं नाव, गाव, तारीख, आणि खाली, संग्राहक: प्र. वि. तेंडोलकर. नवी चिठ्ठी मी लिहिली, कारण त्यांना ओळ सरळ दिसत नव्हती. ते सांगत गेले. मराठीतच लिही म्हणाले, आणि एक नाही, दोन प्रती. दुसरी प्रत त्यांनी पोस्टाने आंबेखोलला पाठवली. ती चंद्रीने सगळ्यांना वाचून दाखवली, असं सोमाचं पत्र आलं.

परदेशातल्या त्या गृहस्थांनाही सगळं कळवलं. त्यांच्या ग्रंथात सरांचं नाव नाही.

पुढे मी शाळेत शिक्षिका झाले आणि पस्तीस वर्षं पोरांना शिकवलं. निवृत्त झाले तरी दर भाद्रपदात एखाद्या शाळेतली पाच-सहा पोरं घेऊन मी त्या संग्रहात जाते. कपाट उघडायला शिपाई येतो. तो कागद बाहेर काढून मी टेबलावर ठेवते, आणि आधी काही सांगत नाही. पोरं पान बघतात, पुडी बघतात, पानासमोरचा तणावा त्यांना सापडतो. मग कोणीतरी दोन्ही चिठ्ठ्या मोठ्याने वाचतं. माझं अक्षर आता फिकं पडलंय, पण वाचता येतं:

या कागदावरचं पान पाणवेलाचं. पुडीतलं फळ रानद्राक्षाचं. नाव देण्यात चूक माझी. प्र. वि. तेंडोलकर.

संग्राहक: भिवा गावकर, आंबेखोल. घाव एक, वेल दोन.